नागा शाल घेण्याआधी

आमच्याकडे नागा शाल मागायला येणारे बरेच जण सत्काराच्या तयारीत असतात. श्रीफळासोबत नेहमीची शाल नको, काहीतरी वेगळं हवं, म्हणून नजर त्या लाल-काळ्या पट्ट्यांवर जाते. तेव्हा आम्ही विचारतो, "कुणासाठी घेताय?" चौकशी जरा जास्तच वाटेल, पण नागालँडमध्ये शाल पाहून माणसाची जमात कळते. पूर्वी तर गावातला त्याचा मानही कळायचा.

'नागा शाल' नावाची एकच एक शाल नसते. आओ, अंगामी, लोथा, सुमी, चाखेसांग, प्रत्येक जमातीच्या शाली निराळ्या. पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, रोजच्या वेगळ्या आणि मानाच्या वेगळ्या.

सगळ्यात जास्त मागणी असते ती आओंच्या त्सुंगकोटेप्सूला. लाल-काळ्या पट्ट्यांच्या मधोमध एक पांढरा पट्टा आणि त्यावर काळ्या रंगात चित्रं: मिथुन, हत्ती, वाघ, कोंबडा, भाला, दाव (म्हणजे नागांचा कोयता), माणसाची मुंडकी. मिथुन म्हणजे इथे रास नव्हे, गव्याच्या कुळातलं जनावर. ते ज्याच्या दारात, तो श्रीमंत. हत्ती आणि वाघ शिकारीतला पराक्रम सांगतात. मुंडकी कशाची, ते वेगळं सांगायला नको. शत्रूचं शिर आणणं हा त्या काळी मोठा पराक्रम होता. शाल विणायची बाईने, पण ही चित्रं काढायची पुरुषाने. रंग झाडाच्या चिकात तांदळाची दारू आणि राख कालवून केलेला.

ही शाल पैसे टाकून मिळत नसे. एक तर शिर आणलेलं असावं, नाहीतर मिथुन कापून गावजेवण घातलेलं असावं. ही गावजेवणं नुसती पंगत नव्हती. वर्षानुवर्षं साठवलेलं धान्य, जनावरं, दारू असं सगळं गावाच्या पोटात जायचं. घरातली कोठारं रिकामी व्हायची आणि यजमानाच्या खांद्यावर शाल यायची. लोथांमध्ये जेवणांच्या पायऱ्या चढत जाव्यात तसे शालीवरचे पट्टे वाढत. म्हणजे अंगावर शाल पाहिली की या घराने गावाला काय दिलं ते कळायचं.

कवड्यांचंही तसंच. आपल्याला कवड्यांची माळ म्हटली की आई तुळजाभवानी आठवते. तिकडे शालीवरच्या कवड्या योद्ध्याच्या.

१८७२ मध्ये आओंच्या मुलखात बाप्टिस्ट मिशनरी आले. पुढे बळी, दारू आणि गावजेवणं मागे पडली, शिरं आणणंही थांबलं. शाल मात्र राहिली. आज आओ पुरुष ती सणासमारंभाला मानाने पांघरतात. म्हणूनच ती कापून जाकीट, उशीचा अभ्रा किंवा टेबलक्लॉथ शिवून मागितलं तर आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. सत्कारात खांद्यावर घालायला मात्र जरूर न्या, आणि देताना ती कशाची आहे हे दोन वाक्यांत सांगा.

अस्सल शाल ओळखायची तर आधी शिवण बघा. विणकरीण जमिनीवर बसते, मागाचं एक टोक भिंतीला किंवा खांबाला, दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताण येतो. पट्टी तिचे हात पोचतील तेवढीच रुंद होते, म्हणून अशा पट्ट्या, बहुधा तीन, जोडून शाल तयार होते. अख्ख्या पन्ह्यात एकही जोड नसेल तर ती यंत्रमागाची नक्कल असण्याचीच शक्यता जास्त. चाखेसांग शालीला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा त्या नावाने काहीही विकू नये. पण दुकानांतून सर्रास विकलं जातं.

हल्ली बरंच विणकाम अ‍ॅक्रिलिक धाग्याचं असतं. त्यात लबाडी नाही, मात्र ते आम्ही बिलावर लिहून देतो. खात्री करायची असेल तर दशीतला एक धागा काढून जाळा: सुताची राख होते, अ‍ॅक्रिलिकची कडक गोळी.

पहिल्यांदा धुताना गार पाण्यात एकटीच भिजवा, लाल रंग पांढऱ्यावर उतरू शकतो. चित्रांचा पट्टा चोळू नका. पिळू नका, सावलीत आडवी पसरून वाळवा. जोडाची शिवण उसवली तर घरी मशीन मारू नका, आमच्याकडे आणा. हाताने घालून देऊ, त्याचे पैसे नाहीत.