आन कोणी सोडवायची?

"आन मोडनी तं भाऊ मरी जाई."

आन म्हणजे आण, शपथ. ती मोडली तर भाऊ मरेल, हे सांगताना सतरा वर्षांची ती मुलगी रडत नव्हती. उजवा तळहात तेवढा ओढणीला पुसत होती, पुन्हा पुन्हा. तिला विकण्याआधी दलाल बाईने सप्तशृंगीचा फोटो मांडला, तळहातावर कुंकू ठेवून मूठ मिटायला लावली आणि वदवून घेतलं: पैसे फिटेपर्यंत पळणार नाही, पोलिसांपुढे तोंड उघडणार नाही. कुंटणखान्यातून सुटका होऊन तीन महिने झाले होते, पण मूठ काही उघडत नव्हती. (कोणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलींच्या हकिकती मी इथे एकीच्या तोंडी घातल्या आहेत.)

तिने कसाबसा जबाब दिला. आठवडाभरात भाऊ मोटारसायकलवरून घसरला, मनगट मोडलं. झालं! तिच्या लेखी पुरावा मिळाला. त्यानंतर ती जेवेना, बोलेना.

सुटून आलेल्या मुलींसोबतच्या या कामात मी तेव्हा नवी होते. खान्देशातल्या रस्त्यांवर दुचाकी घसरायला देवीचा कोप लागत नाही, असं मी तिला हसत सांगितलं. ती आणखी मिटली. तिच्या दृष्टीने मी देवीची थट्टा केली होती आणि आता धोका भावाइतकाच मलाही होता. माझं म्हणणं खरं होतं, पण त्या दिवशी त्याचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. असं का झालं, हे शरीराच्या बाजूने बघायला हवं.

साखरेची गोळी औषध म्हणून दिली तरी काहींना बरं वाटतं, हा प्लासिबो परिणाम आपण ऐकलेला असतो. त्याच्या उलट असतो नोसिबो: त्रास होणार असं मनाने धरलं की त्रास होतो, आणि तो खराखुरा होतो. कोविड लशीच्या 12 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात लशीऐवजी नुसतं मीठपाण्यासारखं काही टोचलेल्यांपैकी सुमारे 35 टक्के लोकांना पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असला त्रास झाला होता. ती माणसं ढोंग करत नव्हती. दुखणार या धास्तीने मेंदूत कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन कामाला लागतं आणि वेदना वाढवतं. ते रोखणारं औषध दिलं की नोसिबोमुळे वाढलेली वेदना ओसरते, हे इटलीतल्या फाब्रित्झिओ बेनेदेत्ती यांच्या प्रयोगांत दिसलं आहे.

लशीच्या चाचणीत धास्ती एका कागदावरच्या सूचनेने येते. इथे तर देवीचं नाव, मारहाण, कर्ज आणि भावाचा जीव, सगळं एकाच मुठीत बांधलेलं. शापाच्या भीतीने माणूस मरू शकतो का, या प्रश्नावर शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1942 साली गाजलेला लेख लिहिला. त्यांचे दाखले बहुतेक ऐकीव होते, त्यामुळे मृत्यूपर्यंतची गोष्ट मी ताणणार नाही. पण सतत सावध राहिलेल्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, झोप मोडते, छाती धडधडते, एवढं तर पक्कं आहे.

मग रात्री छातीवर कोणीतरी बसतं. डोळे उघडे, पण हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. हा निद्रापक्षाघात आघात सोसलेल्या माणसांमध्ये जास्त आढळतो. सातपुड्यात डाकिणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

दलालांना यातलं रसायन ठाऊक नसतं, पण परिणाम चांगलाच ठाऊक असतो. नायजेरियातल्या एडो राज्यातून मुलींना युरोपात, विशेषतः इटलीत, देहव्यापारासाठी नेताना त्यांना आधी देवस्थानी नेत. केस, नखं, कधी रक्त ठेवून घेत आणि शपथ घालत: हजारो युरोंचं कर्ज फेडीन, पोलिसांकडे जाणार नाही. ती मुलगी पुढे समुद्रापार एकटी असली तरी तिच्यावर पहारेकरी ठेवायची गरज नसे.

मार्च 2018 मध्ये एडो राज्यातल्याच बेनिनचे (बेनिन देशाचे नव्हे) पारंपरिक राजे, ओबा एवुआरे दुसरे, यांनी मांत्रिकांना राजवाड्यात बोलावलं, अशा सगळ्या शपथा रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पुढे कोणी तशी शपथ घातली तर त्यालाच शाप लागेल असं बजावलं. बातमी इटलीपर्यंत पोचली आणि शपथेच्या धाकाने गप्प असलेल्या काही बायकांना पहिल्यांदा मोकळं वाटलं. कर्ज आणि घरच्यांना मिळणाऱ्या धमक्या त्याने संपल्या नाहीत, दलालांनीही वाटा शोधल्या. तरी जे काम समुपदेशकांना जड जात होतं, ते एका माणसाच्या शब्दाने सुरू झालं. कारण तो शब्द त्या मुलींच्या जगात वजनाचा होता.

मग आपल्याकडे मुलीला भगताकडे न्यायचं का? माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. बळी मागणारा, चटके देणारा, बाधा काढायच्या नावाखाली अंगाशी येणारा भगत म्हणजे दुसरा दलालच, आणि महाराष्ट्रात 2013 पासून असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. पण श्रद्धा आणि उपचार यांनी एकमेकांकडे पाठ फिरवायला हवी असंही नाही. शेजारच्या गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुआ मागायला आलेल्या रुग्णाला तिथेच मानसोपचाराची दवाही मिळेल अशी सोय केली गेली. तिथले मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे धाडतात.

उलट काही आधारगृहांत सकाळ-संध्याकाळ सक्तीची प्रार्थना असते, कधी "झालं गेलं विसर, पापाची क्षमा माग" असा उपदेशही. मला याची चीड येते. पाप तिने केलेलं नाही. देव आपल्याला शिक्षा करतोय या भावनेला मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट धार्मिक आधाराचा नकारात्मक प्रकार म्हणतात, आणि तिचा संबंध वाढत्या नैराश्याशी दिसतो. देव आपल्या बाजूचा आहे असं वाटणं मात्र सावरायला मदत करतं. देव तोच, घरही तेच.

आता मी झोप, भूक विचारते तसंच आणही विचारते. कोणी घातली, कोणत्या देवाची, मोडली तर काय होईल म्हणाले, आणि ती कोण सोडवू शकेल. शेवटच्या प्रश्नाला त्या मुलीने आजीचं नाव घेतलं.

आजी पिशवीत भाकरी-ठेचा घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं, नातीची मूठ आपल्या हातात घेतली आणि एकच वाक्य म्हणाली: "जबरीनी आन देवी धरत नही." वाद नाही, विधी नाही. मला वर्षभराच्या पुस्तकांत न सापडलेलं वाक्य. भीती लगेच गेली नाही. जुनी भीती मेंदू पुसत नाही, तिच्यावर नवी आठवण बसवत जातो, तीही हळूहळू. गोळ्या चालू राहिल्या, समुपदेशन चालू राहिलं. रात्री घाबरल्यावर लावायला 14416 हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी खान्देशातली कानबाई देवी बसली. सव्वाच्या मापाने घेतलेल्या गव्हाचे रोट झाले. ते कुळाबाहेर जात नाहीत, भाऊबंदांतच खायचे असतात, आणि कुंटणखान्यातून परत आलेली मुलगी कुळातली धरायची की नाही यावर काकांच्या घरात आधीच कुजबुज होती. आजीने पहिला रोट मोडला आणि सगळ्यांदेखत नातीच्या हातावर ठेवला. उजव्या.