मेंदूच्या कर्करोगावरील वनस्पतिजन्य संयुगे

मेंदूतील घातक गाठींवर वापरात असलेली किंवा त्यासाठी तपासली जाणारी, वनस्पतींपासून मिळणारी रसायने. प्रत्यक्ष उपचारात रुळलेली थोडीच आहेत. ज्यांची चर्चा जास्त होते, त्यांपैकी बहुतेक अजून प्रयोगशाळेत आहेत.

रुळलेल्यांत जुने व्हिन्क्रिस्टीन. सदाफुलीतील हे अल्कलॉइड पेशीतील सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडून पेशी मरते. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या मेंदूच्या गाठीत किरणोपचारानंतर ते प्रोकार्बाझीन व लोमुस्टीन या दोन कर्करोगविरोधी औषधांसोबत देतात. मात्रा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १.४ मि.ग्रॅ., पण साधारणतः एका वेळी २ मि.ग्रॅ.च्या वर नाही. वाढवल्यास हातापायांना बधिरता येते, आतडी मंदावतात. ते फक्त शिरेतून द्यायचे. शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूची ऊती मरते, आणि चुकून मणक्यातील द्रवात टोचले गेले तर रुग्ण बहुधा दगावतो. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या लहान पिशवीतून द्यावे, असा दंडक आहे. सुमारे ८२५ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) हा मोठा रेणू रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूत शिरू न देणारी रक्तवाहिन्यांची भिंत, जेमतेमच ओलांडतो. या त्रयीत त्याचा वाटा किती, हा वाद त्यामुळेच आहे.

पॉडोफायलम या वनस्पतीपासून एटोपोसाइड आणि कॅम्प्टोथेका या झाडापासून इरिनोटेकॅन ही कर्करोगविरोधी औषधे मूळ रेणूत फेरफार करून बनवली आहेत.

मेंदूपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचण्यातच हळदीतील करक्युमिनचे गणित फसते. काचपात्रात ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या घातक गाठीच्या पेशी मारायला साधारणपणे १० ते २० मायक्रोमोलर तीव्रता लागते. माणसाने रोज ८ ग्रॅम घेऊनही एका चाचणीत रक्तातली सर्वोच्च पातळी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. मेंदूत पोहोचणारा अंश त्याहून कमी. उंदराच्या कातडीखाली वाढवलेल्या गाठीवर मिळालेले यशही जपूनच वाचावे, कारण तिथे हा अडथळाच नसतो.

पेरिलिल अल्कोहोल हा अवघ्या १५२ डाल्टनचा टर्पीन (वनस्पतींच्या सुगंधी तेलांतील रसायनांच्या गटातला) रेणू नाकावाटे हुंगवून देण्याचे प्रयोग झाले. अडथळ्याला वळसा घालण्याची ही वाट आम्हाला जास्त आशादायक वाटते. सालईच्या डिंकाचा अर्क (रोज ४,२०० मि.ग्रॅ.) किरणोपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांच्या चाचणीत मेंदूची सूज कमी करणारा ठरला. हा सूजेवरचा परिणाम आहे, गाठीवरचा नव्हे.

पूरक म्हणून घेतलेली वनौषधी मूळ उपचारही बिघडवू शकते. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे इरिनोटेकॅनच्या क्रियाशील रूपाची रक्तातील मात्रा ४२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. करक्युमिनच्या गोळ्यांत शोषण वाढावे म्हणून मिऱ्यातील पायपरीन घालतात. तेच झटक्यांवरील फेनिटोइनची पातळीही वाढवू शकते.