खोकला नसलेला टीबी आणि हातावरची सुई

‘मला कुठे खोकला आहे?’ टीबीची तपासणी करून घ्या म्हटलं की हे उत्तर हमखास येतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणाने ते खोटं ठरवलं. सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के जण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे हाती लागले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटलेच असते. लक्षणं असलेल्यांपैकीही ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते.

म्हणून माणूस खंगून मुंबईतल्या शिवडीच्या टीबी रुग्णालयात पोचेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही. बीपीच्या गोळ्या किंवा शुगर तपासायला तो गल्लीतल्या डॉक्टरकडे, पालिकेच्या दवाखान्यात येतोच. तिथेच त्याला टीबीबद्दल विचारायला हवं. लंडनच्या हॅकनी भागात २००२ ते २००४ मध्ये हे करून पाहिलं गेलं. ५० दवाखान्यांपैकी निम्म्यांना नवीन नाव नोंदवणाऱ्या प्रौढांची टीबीसाठी चौकशी आणि गरजेप्रमाणे त्वचा चाचणी करण्याचं प्रशिक्षण दिलं. त्या दवाखान्यांच्या रुग्णांमधला ४७ टक्के टीबी दवाखान्याच्या पातळीवरच ओळखला गेला. बाकीच्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं.

आता संसर्ग आणि आजार यांत फरक करायला हवा. जंतू शरीरात शिरलेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. मधुमेह असेल तर धोका दुप्पट-तिप्पट. आजार शोधायला एक्स-रे आणि बेडक्यात जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी. दडलेला संसर्ग शोधायला मात्र त्वचेत टोचायची सुई, म्हणजे मॉन्टू चाचणी, आणि तिच्यामागचं विज्ञान मला फार देखणं वाटतं.

जंतू फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो आतच तग धरतो. मग टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्याची प्रथिनं ओळखायला शिकतात आणि ती ओळख वर्षानुवर्षं जपतात. मॉन्टू चाचणीत याच जंतूची प्रथिनं, अवघी ०.१ मिलिलिटर, हाताच्या आतल्या बाजूला टोचतात. ओळखीच्या टी-पेशी तिथे जमतात, इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप पोचवणारं प्रथिन सोडतात, आणखी पेशींना बोलावतात. ४८ ते ७२ तासांत तिथे गाठ येते. लाली मोजायची नसते, मोजायचा तो कडकपणा. जाणकार नर्स बॉलपेन दोन्ही बाजूंनी गाठीकडे सरकवते, पेन अडलं की थांबते आणि दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजते.

अडचण बीसीजी या टीबीवरच्या लसीची. काल्मेट आणि गेरॅ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ दरम्यान गुरांच्या टीबीचा जंतू पित्त लावलेल्या बटाट्याच्या कापांवर २३० वेळा वाढवला. त्या वाटचालीत त्याच्या जनुकसंचातला आरडी-१ हा तुकडाच गळून गेला आणि जंतू दुबळा झाला. बाकी बरीच प्रथिनं मात्र खऱ्या जंतूसारखीच राहिली. त्यामुळे लस घेतलेल्याचीही मॉन्टू पॉझिटिव्ह येऊ शकते. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं त्या गळलेल्या तुकड्यातली. ती बीसीजीत नाहीत. मग सुईत तेवढीच दोन भरली तर? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी चाचणी हेच करते. इथे ५ मिलिमीटरची गाठ पॉझिटिव्ह धरतात. टीबीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही चाचणी आली आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. अशा माणसाचं ताट-पेला वेगळा काढणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. त्याच्याकडून टीबी पसरत नाही, आणि फुप्फुसाचा टीबी झालेल्याकडूनही तो हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. रक्तातल्या अँटिबॉडी मोजून टीबी ‘पकडणाऱ्या’ चाचण्यांवर तर भारताने २०१२ मध्येच बंदी घातली. कुणी त्या सुचवल्या तर सरळ नकार द्या. दडलेल्या संसर्गाचा आजार होऊ नये म्हणून द्यायच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्याआधी आजार नाही याची खात्री हवीच. नाहीतर पूर्ण टीबीवर अपुरी औषधं पडतात आणि औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात; मुंबईत ते आधीच पुष्कळ आहेत.

सुईची खरी गैरसोय म्हणजे गाठ मोजून घ्यायला पुन्हा यावं लागतं, आणि विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याला त्यासाठी रजा टाकावी लागते. सोमवारी किंवा मंगळवारी टोचून घेतली तर निदान मोजायचा दिवस रविवारात अडकत नाही.