आयएफकॉन्फिगकडून आयपीकडे, आणि मध्ये अडकलेला ‘सेकंडरी’ पत्ता

नेटवर्कची मांडणी पाहण्या-बदलण्याच्या आयएफकॉन्फिग, राउट आणि नेटस्टॅट या कमांड १९८३ च्या बीएसडी ४.२ या युनिक्स प्रणालीपासूनच्या. एका इंटरफेसला (नेटवर्क जोडणीला) एकच आयपी पत्ता असणार, हे तेव्हाचे गृहीतक. पत्त्याचा किती भाग सबनेटचा, म्हणजे स्थानिक नेटवर्कचा, हे सांगणारा मास्क दिला नाही तर तो पत्त्याच्या वर्गावरून (ए, बी, सी) ठरे. १९९३ मध्ये मास्क कितीही बिटांचा ठेवू देणारी सीआयडीआर पद्धत आल्यावर वर्ग मोडीत निघाले, तरी लिनक्सवर आयएफकॉन्फिगने मास्कशिवाय १०.१.२.३ दिला तर कर्नल (प्रणालीचा गाभा) आजही ८ बिटांचा मास्क लावतो. हाच पत्ता नव्या आयपी कमांडने दिला तर तो ३२ बिटांचा धरला जातो आणि सबनेटचा राउट, म्हणजे त्याकडे जाण्याची वाट, तयारच होत नाही.

लिनक्स २.२ जानेवारी १९९९ मध्ये आले आणि त्यासोबत कर्नलशी नेटलिंक या माध्यमातून बोलणारी आयपी कमांड रुळू लागली. राउटिंग टेबल एकाऐवजी अनेक झाले. राउट कमांडला त्यातला फक्त मेन, म्हणजे २५४ क्रमांकाचा टेबल दिसतो. पॅकेट दुसऱ्याच वाटेने जात असेल तर आधी कोणता टेबल वापरायचा ते ठरवणारे आयपी रूल पाहावे.

खरा गोंधळ आहे तो दुसऱ्या पत्त्याचा. लिनक्स २.० मध्ये ईटीएच० या इंटरफेसवरील जादा पत्त्यासाठीचे ‘ईटीएच०:०’ हे वेगळे आभासी उपकरण होते. २.२ पासून तो फक्त पत्त्याला चिकटवलेला लेबल उरला, पण नाव आणि लोकांच्या सवयी तशाच राहिल्या. त्यातच ‘सेकंडरी’ हा तिसराच शब्द आला. एखाद्या सबनेटमधला पहिला पत्ता प्रायमरी आणि त्याच सबनेटमधले नंतरचे सगळे सेकंडरी. लेबलशी याचा काही संबंध नाही. दुसऱ्या सबनेटमधला पत्ता लेबल असूनही प्रायमरीच असतो.

याची किंमत पत्ता बदलताना मोजावी लागते. आयएफकॉन्फिग जुना पत्ता काढून नवा लावते, तर आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड जुना तसाच ठेवून नवा त्यात भर घालते. त्यामुळे त्याच सबनेटमधला नवा पत्ता सेकंडरी होतो. मग जुना काढला की कर्नल त्याचे सेकंडरीही काढून टाकतो आणि दूरवरून जोडलेले एसएसएच सेशन तुटते. म्हणून आधी प्रोमोट सेकंडरीज हे सिसकंट्रोल (कर्नलचे सेटिंग) १ आहे का ते पाहायचे. ते १ असेल तर पुढचा पत्ता प्रायमरी होतो. शिवाय लेबल नसलेले जादा पत्ते आयएफकॉन्फिग दाखवतच नाही, त्यामुळे बिघाड शोधणारा चुकीच्या यादीवर विसंबतो.

बीएसडी घराण्यातल्या प्रणालींनी आयएफकॉन्फिगच वाढवत नेले आणि व्हीलॅन, ब्रिज, वायफाय सारे त्यातच घातले. लिनक्सने जुन्या आणि नव्या कमांडचे दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवले, आणि ही चूकच होती. जुन्या संचाच्या, म्हणजे नेट-टूल्सच्या, २००१ मधल्या १.६० नंतर कित्येक वर्षे नवी आवृत्ती नव्हती, पण शिकवणाऱ्या मजकुरात आयएफकॉन्फिगच राहिली. पुढे आउटपुटची मांडणी बदलली तेव्हा ‘इनेट अ‍ॅडर’ हे शब्द शोधणाऱ्या स्क्रिप्ट मोडल्या. २०१४ ते २०१७ दरम्यान काही मोठ्या डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) मूळ इन्स्टॉलेशनमधून हा संच वगळला. आता स्क्रिप्टसाठी आयपी कमांडचा ठरावीक रचनेचा जेसॉन आउटपुट वापरावा, मजकूर कापत बसू नये.

दोन्ही संचांनी केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही. लिंक डाउन करून पुन्हा अप केली तर आयपीव्ही४ पत्ता टिकतो आणि सबनेटचा राउट परत येतो, पण हाताने घातलेला डिफॉल्ट राउट गेलेला असतो.