व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट: हे शब्द आले कुठून

चार्जरवर बारीक अक्षरात ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असतं, बल्बवर ९ वॅट, आणि लाईट बिलावर युनिट. नवीन शिकणाऱ्या पोरांना हे समजावताना मी पण पाण्याच्या टाकीचंच उदाहरण देतो, टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाईपातून वाहतं ते करंट, पाईप बारीक असला की रेझिस्टन्स जास्त. उदाहरण चांगलंच आहे, पण त्याने असं वाटतं की कोणीतरी एक दिवस बसून हे सगळे शब्द ठरवून टाकले. तसं अजिबात झालेलं नाही. प्रत्येक शब्दामागे वेगळ्या माणसाची वेगळी अडचण आहे, आणि ती कळली की व्होल्ट कुठे म्हणायचं आणि अँपिअर कुठे हा गोंधळ निम्मा कमी होतो असा माझा अनुभव आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

इटलीतल्या बोलोन्या शहरात गॅल्व्हानी नावाचा प्राध्यापक होता, त्याला दिसलं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू लावले की पाय झटका मारतो. त्याला वाटलं वीज बेडकातच आहे, आणि १७९१ साली त्याने तसं छापलं. इटलीतल्याच पाव्हिया शहरातला प्राध्यापक व्होल्टा, त्याला ते पटेना. तो म्हणाला वीज दोन धातूंमुळे येते, आणि ते दाखवायला त्याने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी एकावर एक चळतच रचली आणि १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. ही पहिली बॅटरी. याच्या आधी माणसाच्या हातात वीज होती ती फक्त ठिणगीसारखी, चट् करून संपणारी, आता पहिल्यांदाच ती वाहत राहिली. चकत्या वाढवल्या की झटका वाढायचा. हा जो मागून ढकलणारा जोर, त्यालाच पुढे व्होल्टाचं नाव मिळालं.

पण ढकलणं वेगळं आणि वाहणं वेगळं, हे स्वच्छ सांगितलं ते पॅरिसच्या अँपिअरने. १८२० साली कोपनहेगनला अर्स्टेड नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की तारेतून वीज जाताना शेजारची होकायंत्राची सुई हलते, ती बातमी पॅरिसला पोचली आणि अँपिअर काही आठवड्यांत कामालाच लागला. त्याने दोन शब्द वेगळे केले, एक टेन्शन आणि दुसरा करंट. टेन्शन म्हणजे ताण, तार कुठे जोडलेली नसली तरी असणारा, आणि करंट म्हणजे जोडल्यावर प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. आपण शेतावरून जाणाऱ्या मोठ्या लाईनला हाय टेन्शन म्हणतो ना, त्यातलं टेन्शन हेच! खूप जणांना वाटतं तारा खांबावर ताणलेल्या असतात म्हणून हाय टेन्शन, पण तो ताण तारेचा नाही, विजेचा आहे. आणि सूत्रात करंटसाठी सी न लिहिता आय लिहितात ते पण फ्रेंचमुळेच, तिकडे करंटच्या तीव्रतेला इंतांसिते म्हणायचे.

ओहम हा माझा आवडता माणूस. जर्मनीत कोलोनला शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून करंट किती कमी होतो ते त्याला मोजायचं होतं, पण त्यावेळच्या बॅटऱ्या मोजता मोजताच उतरायच्या, मग मोजणार काय. शेवटी त्याने दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, त्यातून वीज थोडीशीच यायची पण एकसारखी यायची. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. आज आठवी-दहावीचं पोरगं जे सूत्र पाठ करतं, व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, ते त्याचंच, पण तेव्हा जर्मनीत त्याला फारशी दाद मिळाली नाही, नोकरी पण सोडली त्याने. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने मेडल दिलं तेव्हा कुठे किंमत कळली, आणि म्युनिकला पूर्ण प्राध्यापक झाला तो १८५२ साली, मरायच्या दोन वर्षं आधी. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं कळलं होतं तरी मोजायला माप नव्हतं. आपल्याकडे कशी गावागावची पायली वेगळी असायची, तसं प्रत्येक तारखात्याचं आणि प्रयोगशाळेचं रेझिस्टन्सचं माप वेगळं, कोणी अमुक मैल लोखंडी तार धरायचं, कोणी तमुक जाडीची तांब्याची. आणि त्यातच १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून आयर्लंडपासून उत्तर अमेरिकेपर्यंत तारेचे निरोप पाठवायची केबल टाकली. राणी व्हिक्टोरियाचा शंभराच्या आत शब्दांचा निरोप पलीकडे जायला सोळा तास लागले. केबलवरचा मुख्य इलेक्ट्रिशियन व्हाइटहाऊस हा मूळचा डॉक्टर, त्याने सिग्नल जोरात जावा म्हणून मोठमोठ्या कॉईल लावून दाब वाढवत नेला, आजच्या हिशोबात साधारण २००० व्होल्ट, आणि आधीच कुठेकुठे कमजोर असलेली केबल महिन्याभराच्या आतच बंद पडली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, सांगत होता की कमी दाब द्या आणि पलीकडे नाजूक मीटर ठेवा. पण किती म्हणजे जास्त आणि किती म्हणजे कमी हे बोलायला शब्दच नव्हता, व्होल्ट हे माप तेव्हा ठरलेलंच नव्हतं! लगेच १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानसाठी टाकलेली केबल पण बंद पडली. मग ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याने, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेडने, आणि अटलांटिकच्या केबल कंपनीने मिळून चौकशी समिती नेमली.

१८६१ साली ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने फक्त मापं ठरवायला वेगळी कमिटी केली, त्यात थॉमसन होता, पुढे मॅक्सवेल हा शास्त्रज्ञही आला. पहिलं माप रेझिस्टन्सचंच झालं, १८६५ साली प्रमाण कॉईल तयार करून वाटल्या. रेझिस्टन्स आधी का, तर केबलवाल्यांना त्याचीच गरज होती. एक मैल तारेचा रेझिस्टन्स माहीत असला की किनाऱ्यावरून मोजून भागाकार करायचा, केबल किती मैलांवर शॉर्ट झालीय त्याचा अंदाज येतो, जहाज थेट तिकडेच पाठवायचं. आजही जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधायला ही युक्ती वापरतात. व्होल्ट केवढा धरायचा तर तेव्हा तारखात्यात सर्रास वापरात असलेल्या डॅनियल सेल नावाच्या बॅटरीच्या आसपास, म्हणजे कामगाराच्या ओळखीचं माप. मुंबई समुद्राखालून एडन-सुएझमार्गे लंडनला जोडली गेली ती १८७० साली, या मोजमापाच्या जोरावरच.

१८८१ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि व्होल्टेजचा व्होल्ट, रेझिस्टन्सचा ओहम, करंटचा अँपिअर ही नावं जमलेल्या देशांनी मान्य केली. ज्या तिघांची नावं लागली त्यातला एकही तेव्हा जिवंत नव्हता.

वॅट तेव्हा यादीत नव्हता, तो पुढच्या वर्षी विल्यम सीमेन्स या इंजिनिअरने सुचवला. जेम्स वॅटचा विजेशी काही संबंध नाही, तो वाफेच्या इंजिनवाला, घोडा किती काम करतो ते मोजून इंजिन विकणारा. त्याची एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणून विहिरीवरची ५ एचपीची मोटर म्हणजे ३७३० वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट येतात, बॅटरीच्या डीसीमध्ये तरी सरळ, घरच्या एसी लाईनीत पॉवर फॅक्टर नावाचा आणखी एक आकडा मध्ये येतो, तो पुढे कधीतरी.

आणि युनिट? १००० वॅट एक तास चालले की एक युनिट, ९ वॅटचा बल्ब साधारण १११ तास. जुन्या पुस्तकांत याला बीओटी युनिट लिहिलेलं सापडतं, बीओटी म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेड, म्हणजे बंद पडलेल्या केबलची चौकशी करणारं तेच सरकारी खातं, इंग्लंडमध्ये घरोघरी वीज विकायला लागले तेव्हा ग्राहकाला कुठल्या मापाने विकायची हे पण त्यांच्याच अखत्यारीत आलं.