श्रावणातला पाक, चैत्रातला मध

भर पावसात एक मधपाळ पेटीचं झाकण उचलून आत साखरेचा पाक ठेवतोय आणि खाली लिहिलंय, 'बघा, शुद्ध मध असा बनतो!' दोन दिवसांत तिघांनी हा व्हिडिओ मला पाठवला. पाक खराच आहे हो, पण महिना कोणता ते बघाल की नाही?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाश्या, त्यांना बाहेर पडता येत नाही, पडल्या तरी फुलोरा नाही. साठा संपला की उपाशी वसाहत पेटी सोडून जाते. दुबळी होऊन राहिलीच, तर मेणकिडा पोळी पोखरतो. म्हणून पाक. तोही संध्याकाळी, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. हा पाक माश्यांच्या पोटासाठी असतो, बाटलीसाठी नाही.

मधाचा हंगाम फाल्गुन-चैत्रात, जांभूळ फुलल्यावर. मागोमाग गेळा, हिरडा. कारवी फुलली तर पाऊस सरता सरता आणखी एक, पण ती सात-आठ वर्षांतून एकदा.

आता माझा आवडता भाग. मकरंदात साखर ३० टक्के आणि मधात ८० टक्के धरा. एक किलो मधाला सुमारे २.७ किलो मकरंद लागतो, म्हणजे १.७ किलो पाणी उडवायचं! माशी थेंब सोंडेवर काढते, पसरते, गिळते, पुन्हा काढते. तेवढ्यात तिच्या लाळेतलं इन्व्हर्टेज नावाचं विकर मकरंदातली सुक्रोज साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. दाराशी काही जणी पंखांनी वारा घालत असतात. युरोपियन माशी तोंड आत करून आतली हवा बाहेर ओढते. आपली सातेरी तोंड बाहेर करून बाहेरची हवा आत ढकलते. पिलाव्यापाशी, म्हणजे अंडी-अळ्या असलेल्या पोळ्यापाशी, ३४-३५ अंश ऊब असते. २० अंशांची, ९५ टक्के दमट हवा तेवढी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याहून खाली येते. १८ टक्के पाण्याचा मध साधारण ६० टक्के आर्द्रतेशी समतोल राखतो. हवा त्याहून कोरडी असेल तर तो सुकतो, दमट असेल तर उलट पाणी ओढतो आणि यीस्टमुळे आंबतो. ही ऊब मात्र फुकटची नाही, साठ्यातलाच मध जाळून मिळते.

मध पिकला की माश्या पोळ्यातल्या घरांवर मेणाचं झाकण घालतात. पोळं असलेल्या चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग झाकला गेल्यावरच ती मधयंत्रात, म्हणजे मध काढायच्या यंत्रात, घालायची.

'जांभळाचा मध मधुमेहींना चालतो' हे मात्र थोतांड. किंचित कडवट लागला म्हणून त्यातली साखर कुठे जात नाही.

आणि जांभूळ ऐन फुलोऱ्यात असताना मध काढायच्या पेटीत पाक दिसला, तर व्हिडिओ जरूर काढा.