कडीपत्त्यावरची अळी, शेवग्यावरचा शिंजीर

वन्यजीवांचे फोटो काढायचे म्हटलं की बेळगावकर आंबोलीची नाहीतर दांडेलीची वाट धरतो. टिळकवाडीतलं परडं, शहापूरच्या गल्लीतली कौलं, वॅक्सिन डेपोची झाडी यांच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो. वळला तरी पहिले फोटो बहुधा फसतात, कारण अंतराचा हिशोब कुणी करत नाही.

तो हिशोब सोपा आहे. शिंजीर (सनबर्ड) हा फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 10 सेंमी. तो 5 मीटरवर बसला असेल, तर मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात जवळपास 7 मीटर रुंदीचं दृश्य मावतं. फोटो 4000 पिक्सेल रुंद धरला, तर पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम 60 पिक्सेल येतात. डिजिटल झूम तेच 60 पिक्सेल ताणून दाखवतो. पिसाची एक रेघही त्यात वाढत नाही. तेवढ्याच अंतरावरून एपीएस-सी सेन्सरच्या (फोनपेक्षा बराच मोठा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग) कॅमेऱ्याला 300 मिमीची लेन्स लावली, तर चौकटीत 40 सेंमीच्या आसपास दृश्य येतं आणि शिंजीर चौकटीचा चौथा हिस्सा व्यापतो. तेव्हा हातात फोनच असेल, तर पक्ष्यामागे धावण्यात अर्थ नाही. अळी, सरडा, पाल, कोळी हे फोनचे विषय.

सुरुवात कडीपत्त्यापासून करावी. कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरं कडीपत्ता, लिंबू अशा झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक सुटं अंडं घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. वाढल्यावर ती हिरवी होते. फोनवर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स (अगदी जवळचं मोठं दाखवणारी) लावली तर अळी साधारण 2 ते 4 सेंमीवर असावी लागते. एवढ्या जवळून जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, आणि पान वाऱ्याने तेवढं सहज हलतं. शेजारी काठी रोवून फांदी कपड्याच्या चिमट्याने त्या काठीला अडकवून ठेवावी. स्क्रीनवर बोट दाबून फोकस बांधून टाकावा, मग फोनच अगदी हळू पुढेमागे सरकवत सलग फोटो घ्यावेत. दहातला एखादा नेमका डोक्यावर स्पष्ट येतो. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरला की काळोखी उजळते. अळीला काडीने डिवचलं की डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. हा तिचा बचाव आहे. फोटोसाठी तो वारंवार करायला लावू नये.

रात्री ट्यूबखालच्या पालीचा फोटो काढताना आडवे काळपट पट्टे येतात, तेव्हा फोन बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, आणि फोनचा सेन्सर दृश्य ओळीओळीने टिपतो. प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायच्या पर्यायात) शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवलं की पट्टे जातात. किड्यावर टपलेली पाल तेवढा वेळ निश्चल असतेच.

मोठी लेन्स असेल तर शेवगा फुलायची वाट पाहा. नर जांभळ्या शिंजिराची झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. ऊन पक्ष्यामागून आलं की तो नुसता काळा दिसतो; म्हणून सूर्य आपल्या पाठीशी हवा. विणीचा हंगाम सरला की हाच नर मादीसारखा पिवळसर होतो आणि छातीवर काळी पट्टी तेवढी उरते. अनेकजण त्याला वेगळाच पक्षी समजतात. शटर 1/1000 पेक्षा मंद नको. मागे पांढरं ढगाळ आकाश असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +1 ते +1.7 वाढवा. उलट, वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात नांगरामागे फिरणारे गायबगळे काळ्या मातीवर टिपायचे, तर -0.7 ते -1. नाहीतर पिसं सपाट पांढरी पडतात.

शिंजिराचं लोंबतं घरटं व्हरांड्यातल्या वायरवरही सापडतं. समोरची पानं फोटोसाठी तोडू नका. तोडली की ऊन आणि कावळा दोन्ही आत पोचतात. कॅम्प भागात लष्करी आवाराच्या दिशेने लेन्स रोखू नये, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही.

जूनपासूनच्या बेळगावी पावसात कापडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे मणी) आणि साधा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राखा. निळे मणी गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्यांच्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी घेऊ नका.